बंदिश कुणाची? वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

ख्यालाच्या बंदिशी (राग-तालात बांधलेल्या छोट्या गेय रचना), त्यांचे रचनाकार आणि ही आवड इतरांपर्यंत कशी पोहोचवावी, याविषयी आलेल्या पत्रांपैकी काही पत्रे या वेळच्या सदरात घेतली आहेत.

प्रश्न : मैफलीत गायकाचे नाव सांगतात, रागाचे सांगतात, तबलजीचे सांगतात. बंदिश कुणी बांधली ते मात्र क्वचितच कळते. आपले आपण ते कसे ओळखावे?
– एक वाचक, मिरज

उत्तर : बंदिशीचा पहिला भाग स्थायी, दुसरा अंतरा. अंतऱ्यापासून सुरुवात करा. रचनाकार आपली मुद्रा, म्हणजे बंदिशीत गुंफलेले टोपणनाव, बहुधा अंतऱ्याच्या शेवटच्या किंवा त्याआधीच्या ओळीत ठेवतो. मैफलीत नेमका हा अंतराच घाईत उरकतात, विलंबितात, म्हणजे संथ लयीच्या ख्यालात, तर अनेकदा गाळतात, आणि त्याबरोबर कर्त्याचे नावही गळते. म्हणून अंतरा पूर्ण गायलेले ध्वनिमुद्रण शोधा. तीन मिनिटांच्या जुन्या तबकड्या यासाठी फार उपयोगी पडतात. वेळच एवढा थोडा की पुष्कळ तबकड्यांत गायक स्थायी-अंतरा नेटका मांडतो आणि उरलेल्या जागेत ताना घेतो.

मुद्रा कानावर पडताच ओळखू यावी यासाठी थोडी नावे पाठ हवीत. दिल्लीच्या मोहम्मदशहा रंगीलेच्या दरबारातले (कारकीर्द १७१९ ते १७४८) बीनकार (रुद्रवीणावादक) नियामत खाँ म्हणजे ‘सदारंग’. त्यांच्या पुष्कळ बंदिशींत स्वतःच्या मुद्रेशेजारी बादशहाचेही नाव येते. त्यांच्याच घरातले फिरोज खाँ म्हणजे ‘अदारंग’. आग्रा घराण्याच्या परिघात ‘पिया’ची परंपरा दिसते. अत्रौलीचे मेहबूब खाँ ‘दरसपिया’, त्यांचे जावई फैयाज खाँ ‘प्रेमपिया’ आणि विलायत हुसेन खाँ ‘प्राणपिया’. बडे गुलाम अली खाँ ‘सबरंग’. पंडित भातखंडे ‘चतुर’, त्यांचे शिष्य श्री. ना. रातंजनकर ‘सुजान’, पुढे दिनकर कायकिणी ‘दिनरंग’. जगन्नाथबुवा पुरोहित ‘गुणीदास’ आणि त्यांचे शिष्य चिं. रा. व्यास ‘गुणिजान’. बुवांकडेच शिकलेले, मंगेशीचे जितेंद्र अभिषेकी ‘श्यामरंग’. अलाहाबादचे रामाश्रय झा ‘रामरंग’, बनारसचे बलवंतराय भट्ट ‘भावरंग’. एवढी नावे ध्यानात असली तरी सुरुवातीला पुष्कळ झाली.

आता फसगतीच्या जागा. ‘पिया’ हा शब्द ख्यालात पावलोपावली येतो. तो सुटा आला तर प्रियकर, ‘प्रेम’ किंवा ‘दरस’ला जोडून आला तर बहुधा मुद्रा. ‘चतुर’ आणि ‘सुजान’ ही साधी विशेषणेही आहेत. तिथे एक कसोटी लावा. तो शब्द विशेषण मानून ओळीचा अर्थ सरळ लागतो का? लागत असेल तर मुद्रेची खात्री धरू नका. लागत नसेल, शब्द वाक्यात अधांतरी राहत असेल, तर ती मुद्रा. ‘गुणिजन’ म्हणजे जाणकार मंडळी आणि ‘गुणिजान’ म्हणजे व्यासबुवा. दोहोंत फरक फक्त एका काना‌चा आहे, आणि वेगाने गायलेल्या अंतऱ्यात तो सहज निसटतो.

सदारंगांच्या बाबतीत आणखी सावध राहावे. त्यांचे नाव इतके मोठे झाले की नंतरच्या अनेकांनी आपल्या रचनांत तीच मुद्रा घातली. ‘सदारंग’ ऐकू आले म्हणजे बंदिश अठराव्या शतकातलीच, असे धरता येत नाही.

ऐकून अंदाज बांधला की छापील संग्रहाशी ताडून पाहा. भातखंड्यांच्या क्रमिक पुस्तकमालिकेच्या सहा भागांत परंपरेने आलेल्या बंदिशींचा सर्वांत मोठा साठा आहे. स्वतःच्या रचनांसाठी रातंजनकरांची ‘अभिनव गीतमंजरी’, रामाश्रय झा यांची पाच भागांतली ‘अभिनव गीतांजली’, कुमार गंधर्वांचा ‘अनूपरागविलास’, व्यासांची ‘राग सरिता’ ही पुस्तके पाहावीत. मुद्राही नाही आणि संग्रहातही सापडत नाही, अशी बंदिश ‘पारंपरिक’ म्हणून लिहून ठेवावी. अंदाजाने कुणाचेही नाव चिकटवू नये. आणि गायक मंडळींना आमची कळकळीची विनंती आहे. रागाच्या नावाबरोबर बंदिशकाराचेही नाव सांगा. त्याला पाच सेकंद लागतात.

प्रश्न : जुन्या पुस्तकांतल्या स्वरलिपीत एकाच स्वराखाली किंवा वर टिंब दिसते. एका पुस्तकात त्याचा अर्थ एक, दुसऱ्यात उलटाच लागतो. असे का?
– एक वाचिका, नागपूर

उत्तर : दोन वेगळ्या पद्धती आहेत. भातखंडे पद्धतीत स्वराखाली टिंब म्हणजे मंद्र (खालचे) सप्तक, वर टिंब म्हणजे तार (वरचे). कोमल स्वराखाली आडवी रेघ, तीव्र मध्यमावर उभी रेघ. सम (तालाच्या आवर्तनाची पहिली मात्रा) ×, खाली (टाळी न देता हात उघडण्याची मात्रा) ०. पलुस्कर पद्धतीत मंद्र स्वराच्या वर टिंब असते आणि तार स्वराच्या वर उभी रेघ, सम १ या अंकाने आणि खाली + या खुणेने दाखवतात. पुस्तक उघडले की आधी तालाची ओळ पाहा. समेखाली × असेल तर भातखंडे, १ असेल तर पलुस्कर. मग स्वर वाचायला घ्या.

प्रश्न : बंदिशीची सम पकडता येत नाही. शेजारी बसलेले बरोबर समेवर मान डोलावतात. मोजायला जावे तर गाणे निसटते.
– एक वाचक, डोंबिवली

उत्तर : एकपासून सोळापर्यंत मोजत बसू नका. डग्ग्याकडे, म्हणजे तबल्याच्या जोडीतल्या खर्जाच्या वाद्याकडे, कान द्या. त्रितालाचा ठेका असा – धा धिं धिं धा, धा धिं धिं धा, धा तिं तिं ता, ता धिं धिं धा. दहाव्या मात्रेपासून तेराव्यापर्यंत, म्हणजे ‘तिं तिं ता ता’ एवढ्या जागेत, डग्ग्याचा घुमारा बंद असतो. चौदाव्या मात्रेच्या ‘धिं’वर तो परत येतो. तिथून ‘धिं धिं धा’ आणि पुढची मात्रा सम. तेव्हा घुमारा परतण्याची वाट पाहायची आणि तीन मात्रा मनात म्हणायच्या. चौथीवर मान आपोआप जाते.

नवख्या श्रोत्याची हमखास चूक म्हणजे मुखड्याचा, म्हणजे बंदिशीच्या सुरुवातीच्या, पुन्हा पुन्हा येणाऱ्या ओळीचा, पहिला शब्द हीच सम समजणे. त्रितालातल्या पुष्कळ मध्य आणि द्रुत बंदिशी नवव्या मात्रेवरून, म्हणजे खालीवरून, उठतात. मुखडा आठ मात्रा चालतो आणि मग सम येते. काही सातव्या, बाराव्या किंवा आणखी वेगळ्या मात्रेवरून उठतात. मुखडा कुठून उठतो आणि कोणत्या अक्षरावर उतरतो, या दोनच गोष्टी आधी शोधा. ते अक्षर एकदा सापडले की पुढचे अर्धे गाणे मोजावे लागत नाही.

विलंबित एकतालात मात्रा इतक्या लांब असतात की मोजणे व्यर्थ आहे. एक आवर्तन साधारण चाळीस सेकंदांपासून मिनिटभर चालते. ठेका असा – धिं धिं, धागे तिरकिट, तू ना, क त्ता, धागे तिरकिट, धी ना. ‘तिरकिट’ दोनदा येते, चौथ्या आणि दहाव्या मात्रेवर. पहिल्यानंतर ‘तू ना’ येते, दुसऱ्यानंतर ‘धी ना’ आणि लगेच सम. गायक मुखडा बहुधा अकराव्या-बाराव्या मात्रेच्या आसपास घेतो. दुसरे तिरकिट ओळखू आले की मुखडा येणार हे आधीच कळते, आणि गायक तिथे वेळेवर कसा पोहोचतो ते पाहण्याचा आनंद त्यानंतर सुरू होतो. रूपक तालात मात्र पहिलीच मात्रा खाली असते. तिथे डग्ग्याचा जोर समेवर शोधू नका.

प्रश्न : एकाच बंदिशीचे शब्द तीन गायक तीन तऱ्हेने म्हणतात. कुणाचे बरोबर? आणि अर्थ कुठे शोधावा?
– एक वाचिका, इंदूर

उत्तर : बंदिशी तोंडातून कानात, कानातून तोंडात अशा आल्या. शिष्याची बोली वेगळी, उस्तादांचे उच्चार वेगळे, लिहून घेणारा तिसऱ्याच प्रांताचा. ब्रज आणि पंजाबी शब्द मराठी कानांना जसे वाटले तसे वहीत उतरले. त्यामुळे तिघांचे पाठ तीन परंपरांतले असू शकतात. अर्थ लागतो तो पाठ जवळचा मानावा. पण एखाद्या घराण्याने पिढ्यान्‌पिढ्या जो पाठ गायला आहे तो निव्वळ अर्थासाठी ‘दुरुस्त’ करू नये, कारण त्या अक्षरांवरच स्वरांचे वजन बसलेले असते.

शब्दांचा साठा तसा मर्यादित आहे. पन्नास-साठ शब्द कळले की बहुतेक बंदिशी उलगडतात. आली म्हणजे सखी, नेहा म्हणजे स्नेह, ‘कल न परत’ म्हणजे चैन पडत नाही, लंगर म्हणजे खोडकर, ढीठ म्हणजे निगरगट्ट, डगर म्हणजे वाट, सौतन म्हणजे सवत, हरवा म्हणजे हार, ‘पैंया परूं’ म्हणजे पाया पडते. मराठी वाचक सर्वांत जास्त अडखळतो तो ओळखीच्या वाटणाऱ्या शब्दांपाशी. फैयाज खाँच्या जयजयवंतीतल्या ‘मोरे मंदर अब लों नहीं आये’ मधले मंदर म्हणजे देऊळ नव्हे, घर. माझ्या घरी तो अजून आला नाही, एवढेच ती सांगते आहे. हे कळल्यावर त्या रागातला रे-कोमल ग-रे-सा हा वळसा वेगळाच ऐकू येतो. दोन रिषभांच्या मधोमध तो गंधार वर न जाता परत फिरतो आणि वाट पाहणे तिथे सुरांतच येऊन बसते.

प्रश्न : सोसायटीतल्या काही जणांना एकत्र बसून शास्त्रीय संगीत ऐकायचे आहे. दोनदा जमलो, दोन्ही वेळा गप्पाच झाल्या. बैठक कशी आखावी?
– एक वाचक, ठाणे

उत्तर : माणसे आठ ते बारा, वेळ दीड तास, राग एक. यापेक्षा मोठा बेत सुरुवातीला करू नका. बैठक विस्कटते ती बहुधा तीन कारणांनी. पहिल्याच वेळी तासाभराचा ख्याल लावला जातो, बोलणारा गाण्यापेक्षा जास्त बोलतो, किंवा प्रत्येकजण आपापला आवडता गायक घेऊन येतो आणि तुलनेचा वाद पेटतो.

म्हणून बैठक गायकाभोवती न आखता बंदिशीभोवती आखा. संध्याकाळी उशिरा जमत असाल तर जयजयवंती घ्या. प्रत्येकाच्या हाती एक पान द्यावे. त्यावर स्थायी-अंतरा मोठ्या अक्षरांत, कठीण शब्दांचे अर्थ, ताल, उठाण कितव्या मात्रेवर आणि समेचे अक्षर ठळक केलेले, एवढेच. स्वरलिपी देऊ नका. ज्यांना ती येत नाही ते बिचकतात आणि ज्यांना येते ते ऐकायचे सोडून वाचत बसतात.

आधी फैयाज खाँची छोटी तबकडी ऐकवा. मग पान वाचा, समेचे अक्षर दाखवा आणि तीच तबकडी पुन्हा लावा. दुसऱ्या वेळी खोलीतल्या निम्म्या माना समेवर हलतील आणि त्यानंतर कुणाला गप्प बसा म्हणावे लागणार नाही. पुढे तीच बंदिश दुसऱ्या कुणी वीस-पंचवीस मिनिटे विस्ताराने गायलेली ऐकवा. शेवटी त्याच रागातली दुसऱ्या रचनाकाराची बंदिश, दहा-बारा मिनिटे. तबकडी दोनदा धरून एकूण गाणे पाऊण तासाच्या आसपास जाते. प्रत्येक ध्वनिमुद्रणाआधीचे बोलणे पाच मिनिटांच्या वर जाऊ देऊ नये. गायकाचे नाव गाणे संपल्यावर सांगितले तर फार चांगले. नाव आधी कळले की कान त्या नावाच्या कीर्तीकडे वळतात.

चर्चेला एकच प्रश्न द्यावा, म्हणजे ती भरकटत नाही. दोन्ही रचनाकारांनी समेसाठी कोणता स्वर निवडला? किंवा, अंतरा तार षड्‌जापर्यंत सरळ गेला की वळण घेऊन? अशा प्रश्नाला उत्तर द्यायला पुन्हा ऐकावे लागते.

आवाजाचीही व्यवस्था पाहा. हातात मावणाऱ्या स्पीकरमधून डग्ग्याचा घुमारा येतच नाही, आणि वर सांगितलेली समेची खूण त्याच्यावरच अवलंबून आहे. दोन बऱ्यापैकी स्पीकर, त्यांच्यात जितके अंतर तितकेच श्रोत्यांपासून. आवाज एवढाच ठेवा की तानपुरा ऐकू येईल पण शेजारच्याशी बोलायला आवाज चढवावा लागणार नाही. फोनमधले घुमवणारे आणि सभागृहाचा भास देणारे सगळे परिणाम बंद करा. जुनी मुद्रणे एकाच वाहिनीची असतात आणि या परिणामांनी त्यांतला आवाज पोकळ होतो. मध्येच जाहिरात वाजणार नाही याची तजवीज आधी करा.

बैठकीत फक्त नाट्यसंगीतावर जीव असणारे ज्येष्ठ असतील तर त्यांच्यापासूनच सुरुवात करावी. ‘मानापमान’च्या (१९११) चाली गोविंदराव टेंब्यांच्या, ‘स्वयंवर’च्या (१९१६) भास्करबुवा बखल्यांच्या, ‘कट्यार काळजात घुसली’च्या (१९६७) अभिषेकीबुवांच्या. अनेक नाट्यपदांची मुळे थेट बंदिशींत आहेत. ‘नाथ हा माझा’ ऐकवून लगेच यमनाची एखादी मध्यलयीतली बंदिश लावा. राग ओळखीचा झालेला असतो, परकेपणा तिथेच संपतो.

प्रश्न : इंटरनेटवर एकच जुनी तबकडी दोन ठिकाणी दोन वेगळ्या सुरांत ऐकू येते. खरी कोणती?
– एक वाचक, पुणे

उत्तर : तबकडी ज्या वेगाने मुद्रित झाली त्याच वेगाने वाजवली नसेल तर स्वर आणि लय दोन्ही बदलतात. वेग सुमारे सहा टक्क्यांनी वाढला की सूर अर्ध्या स्वराने, म्हणजे पेटीवरच्या एका पट्टीने चढतो. अठ्ठ्याहत्तर फेऱ्यांच्या म्हणून ओळखल्या जाणाऱ्या सगळ्याच तबकड्या नेमक्या अठ्ठ्याहत्तरच्या नसतात. सुरुवातीच्या काळात वेग बराच कमी-जास्त असे.

अंदाज घेण्यासाठी तानपुऱ्याच्या ॲपवर गायकाचा षड्‌ज जुळवा. पुरुष गायक बहुधा पांढरी एक ते काळी दोनच्या दरम्यान गातात, स्त्रिया पांढरी पाच ते काळी पाचच्या दरम्यान. अब्दुल करीम खाँ आणि कुमार गंधर्व यांच्यासारखे चढ्या पट्टीचे अपवाद आहेतच. एखादा भारदस्त आवाज भलत्याच वरच्या पट्टीत पातळ होऊन येत असेल, किंवा तानांतले स्वर चेंगरल्यासारखे वाटत असतील, तर वेग जास्त आहे. दुरुस्तीसाठी ऑडॅसिटी या मोफत साधनात वेग आणि स्वर दोन्ही एकत्र बदलणारा पर्याय वापरा. फक्त स्वर उतरवलात तर लय चुकीचीच राहते.

प्रश्न : मुलगी व्हायोलिनवर पाश्चात्त्य संगीत शिकते. तिला बाख प्रिय, मला ख्याल. एकमेकींचे संगीत ऐकायला कुठून सुरुवात करावी?
– एक वाचिका, मडगाव

उत्तर : बाखच्या एकट्या व्हायोलिनसाठी असलेल्या दुसऱ्या पार्टिटातली (नाचांच्या चालींवर बांधलेल्या रचनांच्या मालिकेतली) शाकोन ही रचना घ्या. रचना १७२० च्या सुमाराची, डी मायनर स्वरातली, चालते चौदा-पंधरा मिनिटे. तिचा पाया चार मापांचा आहे, प्रत्येक मापात तीन ठोके, म्हणजे बारा ठोक्यांचे आवर्तन. हे आवर्तन साठहून अधिक वेळा फिरते आणि दर वेळी वरची नक्षी बदलते. एकतालाची सवय असलेल्या कानाला ही गोष्ट चटकन पकडता येते. फक्त सुरुवात दुसऱ्या ठोक्यावर आहे आणि वजनही तिथेच पडते, हे आधी लक्षात घ्या, नाहीतर पहिल्याच आवर्तनात मोजणी चुकेल. मध्यावर येताना मायनरचे मेजर होते. आपल्या भाषेत बोलायचे तर षड्‌ज तोच राहतो आणि कोमल गंधाराच्या जागी शुद्ध गंधार उगवतो. ती जागा दोघींनी मिळून शोधा.

तिला ख्याल ऐकवताना एक फरक आधी सांगा. शाकोनमध्ये प्रत्येक स्वर बाखने कागदावर लिहिलेला आहे. बंदिशीत रचनाकार काही आवर्तनांचाच ऐवज देतो आणि उरलेली इमारत गायक तिथल्या तिथे उभी करतो. हे न सांगता ख्याल लावला तर स्वरलिपी वाचणाऱ्या मुलीला वाटते की गायक तेच ते म्हणतो आहे. प्रभा अत्रे यांचा मारुबिहाग चांगली सुरुवात ठरेल. त्यातली ‘जागूं मैं सारी रैना’ ही द्रुत बंदिश त्यांचीच आहे, त्यामुळे रचनाकार आणि गायिका दोन्ही भूमिका एकाच आवाजात ऐकायला मिळतात.

प्रश्न : बंदिशींची स्वरलिपी आणि ध्वनिमुद्रणे गटात वाटली तर चालतात का?
– एक वाचक, न्यू जर्सी

उत्तर : भारतातल्या कायद्याप्रमाणे रचनेवरचा हक्क रचनाकाराच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून साठ वर्षे राहतो. सदारंगांचा प्रश्नच नाही. फैयाज खाँ १९५० साली वारले, त्यांच्या हयातीत प्रसिद्ध झालेल्या रचना २०१० च्या अखेरीस खुल्या झाल्या. गुणीदास १९६८ साली गेले, म्हणजे २०२८ संपेपर्यंत हक्क. कुमार गंधर्वांसाठी २०५२. ध्वनिमुद्रणाची साठ वर्षे प्रकाशनानंतरच्या वर्षापासून मोजतात, तेव्हा १९७१ ची तबकडी २०३१ च्या अखेरपर्यंत बंधनात आहे. गायकाचा हक्क पुन्हा वेगळा, आणि तुमच्याकडे अमेरिकेचे नियम वेगळे. त्यामुळे फाइल पाठवू नका. अधिकृत ठिकाणचा दुवा द्या आणि बंदिश कितव्या मिनिटाला उठते, अंतरा कितव्या सेकंदाला येतो ते लिहा. ऐकणाऱ्याला त्याचाच जास्त उपयोग होतो.

प्रश्न : बारा वर्षे गाणे शिकते आहे. स्वतः बंदिश बांधून पाहावी असे वाटते. कशी सुरुवात करू?
– एक वाचिका, कोल्हापूर

उत्तर : तुमच्याच गावाशी नाते असलेल्या जगन्नाथबुवा पुरोहितांचा जोगकंस आधी नीट ऐका. राग त्यांनीच प्रचारात आणला आणि त्यातल्या ‘सुघर बर पाया’ आणि ‘पीर पराई’ या बंदिशीही त्यांच्याच. पूर्वांगात (सप्तकाच्या खालच्या अर्ध्या भागात) जोग, उत्तरांगात (वरच्या अर्ध्या भागात) कोमल धैवत आणि शुद्ध निषादाचा चंद्रकंस. दोन रागांचा सांधा लोकांना समजावून सांगायला त्यांनी व्याख्यान दिले नाही, बंदिश दिली. बंदिश ऐकून रागाचा चेहरा कळला पाहिजे, ही पहिली अट इथूनच घ्यावी.

तुम्ही मात्र पहिल्या रचनेसाठी नवा राग काढू नका. यमन किंवा बिहागसारखा अंगवळणी पडलेला राग, मध्य त्रिताल, ठेक्याच्या यंत्रावर मिनिटाला १४० ते १६० मात्रा. शब्द बाजूला ठेवा. सम कोणत्या स्वरावर यायची ते ठरवा. यमनात गंधार घेतलात तर पहिली रचना सुरक्षित राहते. मग नवव्या मात्रेवरून उठून आठ मात्रांत तिथे पोहोचणारे दहा-बारा मुखडे आकारात (शब्दांशिवाय, नुसत्या ‘आ’वर) गाऊन मुद्रित करा. दुसऱ्या दिवशी न ऐकता जो आठवेल तो ठेवा.

आता शब्द. आठ मात्रांच्या मुखड्यात आठ-दहा अक्षरे पुरतात. नवशिक्यांच्या बंदिशी सर्वांत जास्त बिघडतात त्या इथेच. चौदा-पंधरा अक्षरे कोंबली जातात, प्रत्येक मात्रेवर अक्षर पडते, मींड (एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणे) घ्यायला जागा उरत नाही आणि बंदिश पाठांतरासारखी वाजते. समेचे अक्षर दीर्घ आणि मोकळ्या स्वराचे असावे – आ, ए, ओ. तार षड्‌जावर ई किंवा ऊ आला की बहुतेकांचा गळा आवळतो. जोडाक्षरे टाळा. ब्रज भाषा ख्यालाला मानवली त्याचे एक मोठे कारण हेच आहे. ती दर्शनचे दरस करते, प्रीतीची पिरीत करते, मार्गाचे मारग करते आणि प्रत्येक व्यंजनाला लांबवायला स्वर मिळतो. मराठीत बंदिश बांधता येत नाही असे मुळीच नाही, नाट्यपदांनी ते दाखवून दिले आहे. पण लांबवायच्या जागी ‘ळ’, ‘ष्ट’, ‘क्ष’ आणू नका आणि क्रियापद ओळीच्या शेवटीच हवे हा हट्ट सोडा.

स्थायी दोन ते चार आवर्तनांची पुरे. तिची शेवटची ओळ मुखड्याच्या पहिल्या स्वराकडे सहज परतते का, ते पुन्हा पुन्हा गाऊन पाहा. तिथे उडी मारावी लागत असेल तर ओळ बदला, मुखडा बदलू नका. अंतरा मध्यापासून उठून तार षड्‌जावर स्थिरावतो. यमनात ‘प ध प सां’ ही वाट मळलेली आहे आणि पहिल्या रचनेला तीच बरी. मुद्रा घ्यायची असेल तर तीन-चार अक्षरांची घ्या आणि ती आधी कुणी वापरली आहे का ते संग्रह चाळून पाहा.

बंदिश पुरी झाली की स्वरलिपी न देता ती कुणाला तरी तोंडी शिकवा. आठ दिवसांनी त्या व्यक्तीकडून परत म्हणवून घ्या आणि मुद्रित करा. त्यांनी जिथे नकळत स्वर बदलला असेल किंवा अक्षर पुढेमागे सरकवले असेल, ती प्रत्येक जागा वहीत लिहून ठेवा. तिथे तुमची चाल रागाच्या किंवा भाषेच्या ओघाविरुद्ध गेलेली असण्याची शक्यता फार मोठी. त्यांचा बदल जसाच्या तसा स्वीकारू नका, पण दुरुस्तीला त्या जागेपासून लागा.